अंक किती दिवसांनी काढावा?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांच्या गृहपत्रिका, कामगार संघटनांची पत्रकं, सोसायट्यांचे अंक, हौशी लेखकांची नियतकालिकं यांना तोटा नाही. त्यातल्या कितीतरींची चाल सारखीच असते. पहिला अंक जाडजूड, गुळगुळीत कागदावर, आत साहेबांचा शुभेच्छा संदेश. दुसरा जेमतेम वेळेवर. तिसऱ्याला पंधरा दिवस उशीर. मग ‘जून-जुलै जोडअंक’ निघतो आणि त्यानंतर काहीच नाही. लिहिणाऱ्यांची हौस तेवढ्यात आटते असं मुळीच नाही. दोन अंकांत किती दिवस ठेवायचे, हे सुरुवातीला कुणी हिशेब मांडून ठरवलेलं नसतं.

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, ते पाक्षिक म्हणून. चार महिने तसं चालवून ४ मे १८३२ पासून ते दर शुक्रवारी निघू लागलं. आधी बेताचं अंतर, घडी बसल्यावर ते कमी करायचं, हा क्रम आजही शहाणपणाचा आहे. पुढे १८४० मध्ये ‘दर्पण’ थांबलं आणि त्याच वर्षी बाळशास्त्रींनी शास्त्र, भूगोल, इतिहास अशा विषयांसाठी ‘दिग्दर्शन’ काढलं. ते मात्र मासिक होतं. बातमी आठवड्याला लागते, ज्ञानाचा मजकूर महिनाभर थांबू शकतो. मजकूर कोणत्या जातीचा आहे, यावर त्याचं अंतर ठरतं.

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे पाहावं. जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. मासिकाचा मजकूर जवळजवळ सगळा त्यांचाच. मध्येच त्यांची रत्नागिरीला बदली झाली, १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, तरी माला सुरूच राहिली. एकूण ८४ अंक निघाले, म्हणजे मासिकाच्या हिशेबानं सात वर्षांचा ऐवज. एका माणसानं दीर्घ निबंध लिहायचे तर महिन्याला एक अंक, हे माप त्यांना पेललं. तेच काम त्यांनी साप्ताहिकावर घेतलं असतं, तर विषय खोदून काढायला लागणारी सवड त्यांना मिळाली नसती.

सगळ्यात बोलकं उदाहरण साने गुरुजींचं. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये त्यांनी ‘कर्तव्य’ नावाचं सायंदैनिक काढलं. तळमळ किती होती, हे वेगळं सांगायला नको. पण दैनिकाला रोज बातमी लागते, रोज छपाई लागते, रोज पैसा लागतो. काही महिन्यांतच ते बंद करावं लागलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. दोन वर्षांनी गुरुजी गेले. साप्ताहिक आजही निघतं आहे.

कारखान्यातून निघालेल्या पत्राचं उदाहरण हवं असेल तर किर्लोस्करवाडीला जावं लागतं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मुळात कारखान्याची गृहपत्रिका. पुढे नावातली ‘खबर’ गेली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक घरोघरी पोचलं. शंकररावांनी वाढ केली तीही मासिकाचं साप्ताहिक करून नव्हे. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी आणखी दोन मासिकं त्यांनी काढली. महिन्याची लय हाताला बसली होती, ती मोडायची गरज पडली नाही.

मासिक हा प्रकार इतका रुजला, त्यामागे टपालखात्याचाही हात आहे. १८९८ च्या टपाल कायद्यानुसार वृत्तपत्राच्या सवलतीच्या दरानं अंक पाठवायचा तर दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर चालत नसे. त्रैमासिकाला ती सवलत नव्हती. नोंदणीचा कायदाही कडक होता. साप्ताहिक किंवा पाक्षिक म्हणून नोंदणी केली आणि तीन महिन्यांत ठरलेल्या अंकांच्या निम्म्याहून कमी अंक निघाले, तर १८६७ च्या कायद्याखालचं प्रतिज्ञापत्रच बाद होई आणि नवं करावं लागे. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा आला आहे. पन्नास-साठच्या दशकांत ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही अनियतकालिकं काढणाऱ्या तरुण लेखकांनी ठरावीक अंतराचं बंधनच नाकारलं आणि जमेल तेव्हा अंक काढले. त्यांनी मराठी साहित्य हलवून सोडलं. पण त्यांचा वाचक वाट पाहणारा, शोधत येणारा होता. कँटीनच्या टेबलावर जेवता जेवता अंक चाळणाऱ्याकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही.

कारण या पट्ट्यातल्या वाचकाचं स्वतःचं वेळापत्रक आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, आणि त्याही फिरत्या. अनेक कारखान्यांना सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. अशा ठिकाणी बुधवारी दुपारी गठ्ठा आला, तर तो पहिल्या पाळीच्या हाती लागतो. बाकीच्यांना शुक्रवारी उरलासुरला. दर आठवड्याला अंक काढला, तर रात्रपाळीवाल्याचे एकदोन अंक हमखास हुकतात. महिन्याचा अंक मात्र तिन्ही पाळ्यांच्या हातून फिरतो, घरी जातो, मुलं वाचतात. सुरक्षेची सूचना, अपघाताची माहिती, बसच्या वेळेतला बदल, हे महिनाभर थांबू शकत नाही. त्यासाठी गेटजवळचा फलक आहे आणि तो रोज पुसून रोज लिहिला पाहिजे.

म्हणून चाकण-भोसरीत नवं नियतकालिक काढू पाहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पहिला अंक छापायला देण्यापूर्वी पुढच्या दोन अंकांचा मजकूर हातात असू द्या. तो जमवायला जेवढे दिवस लागले, त्यावरून अंतर ठरवा. महिना पुरत नसेल तर सरळ द्वैमासिक म्हणा. पानं बत्तीसवरून सोळा करावी लागली तरी करा, पण तारीख ठरली की पहिल्या पानावर ठळक छापा आणि त्या दिवशी अंक तिन्ही पाळ्यांना मिळेल असं पाहा.