बेदाण्याची तहान

उत्तन आणि डोंगरी ही गावे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतात. पण समुद्रकाठचा आपला बाज त्यांनी सोडलेला नाही. नाताळ जवळ आला की इथल्या ख्रिस्ती घरांत कुलकुल, नेवऱ्या आणि फळांचा केक यांची तयारी सुरू होते. केकात बेदाणे, काळ्या मनुका, खजूर पडतात. आता असे समजा, की केक छान भाजला गेला. पण दुसऱ्या दिवशी सुरी लावली तर त्याचा चुरा झाला. लोणी, अंडी, सुका मेवा यांचा सारा खर्च पाण्यात! आपण दोष भट्टीला देतो. पुष्कळदा खरा चोर मात्र केकातच बसलेला असतो. तो म्हणजे न भिजवलेला बेदाणा.

हा चोर पाणी चोरतो. कसे, ते पाहा. ताज्या द्राक्षात १०० भागांत सुमारे ८० भाग पाणी असते. सांगली जिल्ह्यात तासगावकडचे बागायतदार द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात, तेव्हा साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा उतरतो. या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वाळल्यावर बेदाण्यात पाणी उरते जेमतेम १५ भाग. बाकी बहुतेक साखर. आणि साखर पाण्याला ओढते. असा तहानलेला बेदाणा पिठात टाकला, की तो शेजारचा ओलावा पिऊन घेतो. शिवाय वरच्या थरातले बेदाणे करपून कडू होतात.

म्हणून त्याची तहान आधीच भागवा. बेदाणे धुऊन घ्या, ते बुडतील इतके गरम पाणी ओता आणि १५ ते २० मिनिटे झाकून ठेवा. संत्र्याच्या रसात घालायचे तर रात्रभर ठेवा, पण फ्रीजमध्ये. समुद्रकाठच्या दमट हवेत रस बाहेर राहिला तर आंबतो. काही घरी मेवा रममध्ये कित्येक आठवडे मुरवतात. मद्यामुळे तो टिकतो. मात्र बरणी कोरडी हवी आणि मेवा पूर्ण बुडालेला हवा. भट्टीत सगळे मद्य उडून जाते, हा समज खरा नाही. थोडे उरतेच. तेव्हा मुलांच्या केकाला रसच बरा.

आता उलट बाजू. भिजवलेला बेदाणा तसाच ओला टाकला तर त्याचे पाणी पिठात उतरते. केक मध्ये बसतो, गिच्च होतो आणि बुरशीही लवकर धरतो. यासाठी बेदाणे चाळणीत निथळा, स्वच्छ फडक्यावर टिपा, चमचाभर मैद्यात घोळवा आणि मगच घाला. पीठही दाट असू द्या. पातळ पिठात मैद्यात घोळवलेला बेदाणासुद्धा तळ गाठतो. पाकात मुरलेल्या टुटीफ्रुटीला मात्र भिजवण्याची गरज नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, यात तुमच्या विज्ञानाच्या तासाचा एक धडाही आहे. प्रत्येकी ५० ग्रॅम बेदाणे दोन वाट्यांत घ्या. एकीत साधे पाणी घाला, दुसरीत साखरेचा घट्ट पाक. दोन तासांनी बेदाणे बाहेर काढून टिपा आणि तोलून बघा. पाण्यातले टम्म फुगून जड झालेले दिसतील. पाकातले त्यामानाने फारसे फुगणार नाहीत. बेदाण्याच्या सालीतून पाणी सहज जाते, साखर तितकी सहज जात नाही. आणि पाणी जाते ते जास्त साखर असेल तिकडे. पाकातच साखर भरपूर, मग पाणी बेदाण्यात कशाला शिरेल? मुले हे एकदा डोळ्यांनी पाहतील, तर फळ्यावरची आकृती त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा गृहिणींनो, खूणगाठ बांधा: आधी पाजा, मग निथळा. अर्ध्या तासाचे हे काम. पण नाताळचा केक पाहुण्यांपुढे ठेवताना त्याचे मोल कळेल.