आऊटबोर्ड मोटारीची निगा आणि ‘गंज’ हा शब्द

होडीच्या पिछाडीस बाहेरून अडकविलेल्या मोटारीस ‘आऊटबोर्ड’ असे म्हणतात. यातील ‘बोर्ड’ म्हणजे नौकेची बाजू. यंत्र त्या बाजूबाहेर असते, एवढाच नावाचा अर्थ. भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत अशा यंत्राची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या मोटारीची निगा राखण्याचे शास्त्र अवघड नाही. परंतु तिला होणाऱ्या हानीपैकी बरीचशी आपल्या नित्याच्या शब्दांच्या कक्षेबाहेर पडते, आणि ज्या हानीला नाव नाही तिच्याकडे लक्ष उशिरा जाते. लहान होडीवर ज्याचा संसार चालतो त्याला हा उशीर परवडणारा नसतो.

‘गंज’ हा शब्द घ्या. गंज म्हटला की तांबूस रंग आणि लोखंड ही दोन्ही मनात एकदमच येतात. मोटारीचा पाण्यात बुडणारा भाग, म्हणजे ज्याच्या टोकाशी पंखा फिरतो तो पाय, लोखंडाचा नसतो. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ही धातू झिजते तेव्हा तांबूस काहीच दिसत नाही. रंगाखाली फोड येतात, फोड फुटला की आत पांढरी भुकटी असते आणि भुकटी पुसली की बारीक खळगे. तेव्हा ‘मोटारीला गंज नाही’ हे विधान शब्दशः खरे असूनही मोटार आतून पोखरली जात असणे सहज संभवते.

असे होण्याचे कारण विद्युत्-रासायनिक आहे. ॲल्युमिनियमचा पाय आणि पंख्याचा पोलादी दांडा या दोन भिन्न धातू एकमेकींस जोडलेल्या असतात आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेल्या असतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने ते विजेचे चांगले वाहक असते. परिणामी एक प्रकारची विद्युत्-घटमालाच तयार होते आणि तीत दोहोंपैकी अधिक क्रियाशील धातू, म्हणजे ॲल्युमिनियम, विरघळू लागते. यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियमहूनही क्रियाशील अशा धातूचा एक तुकडा पायास जोडतात. मग तो झिजतो आणि पाय वाचतो.

या तुकड्यास शास्त्रीय परिभाषेत ‘धनाग्र’ म्हणावे लागेल. वर्गात हा शब्द निर्दोष आहे. होडीवर मात्र तो काहीच सांगत नाही. ज्याला हा तुकडा म्हणजे धातूची एक ओबडधोबड वडी वाटते, तो मोटार रंगविताना नीटनेटकेपणाच्या भरात त्यावरही रंग फासतो. रंगाखाली पाणी पोहोचत नाही, तुकडा झिजत नाही, आणि झिजण्याची पाळी पुन्हा पायावर येते. नुसते ‘जस्त’ म्हणावे तर तेही अपुरे आहे. समुद्रात जस्त चालते, पण खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचा तुकडा अधिक भरवशाचा ठरतो, तर गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा वापरतात. धातू बदलते, काम तेच राहते; म्हणून नाव कामावरून असावे. दक्षिण कोकणात गावाच्या रक्षक देवतेस ‘राखणदार’ म्हणतात. त्या धर्तीवर ‘राखणतुकडा’ असे म्हटल्यास तो रंगवावयाचा नाही, निम्मा झिजताच बदलावयाचा आणि अजिबात झिजत नसेल तर जोडणी तपासावयाची, हे सारे समजावणे सोपे जाईल असे मला वाटते.

या उपायाचा इतिहास उद्बोधक आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्ही याने ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजावयाचे थांबले. पण तळावर शेवाळ आणि कवचधारी जीव दाटले व नौका मंदावल्या. विरघळणारे तांबेच त्या जीवांना मारक होते, हे त्यातून ध्यानी आले. आजही तळास लावण्याच्या अनेक रंगांत तांबे असते. असा रंग होडीच्या लाकडी तळास योग्य असला, तरी मोटारीच्या ॲल्युमिनियमच्या पायास लावू नये. तो त्याच झिजेला आमंत्रण देतो.

आतली बाजू याहून दृष्टिआड असते. इंजिन थंड राखण्यासाठी समुद्राचेच पाणी आतून फिरते आणि मोटार थांबली की वाटांत मीठ साचते. म्हणून समुद्रातून परतल्यावर सुमारे दहा मिनिटे गोडे पाणी आतून फिरवावे. पाणी शिरण्याच्या छिद्रांवर रबरी वाट्या बसवून धुवावयाचे असेल तर आधी नळ सोडावा, मगच मोटार मंद चालवावी. पाणी खेचणारे रबरी चक्र कोरडे फिरल्यास थोड्याच वेळात खराब होते. नळी जोडण्याचे स्वतंत्र तोंड असलेल्या पुष्कळ मोटारी मात्र बंद ठेवूनच धुवावयाच्या असतात. याबाबतीत निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी. मोटार चालू असता मागून जी बारीक धार सुटते तिला इंग्रजीत ‘टेलटेल’, म्हणजे चहाडखोर, असे नाव आहे. नाव मार्मिक आहे, कारण धार मंदावली वा थांबली की आतल्या बिघाडाची चहाडी ती तत्काळ करते. अशा वेळी मोटार बंद करावी.

पायातील दंतचक्रांचे तेल दुधाळ दिसू लागले तर आत पाणी शिरले असे समजावे. जाळ्याचा तंगूस पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळला जाऊन पाणी अडविणारे रबरी कडे कापतो, हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. पंखा अधूनमधून उतरवून पाहण्यास फार वेळ लागत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पुष्कळ मोटारी स्वस्थ पडून असतात, आणि पावसाळी दमट हवेत त्यांची खरी परीक्षा होते. धुऊन झाल्यावर आतील पाणी निथळावे म्हणून मोटार उभीच ठेवावी. तेल बदलावे ते ठेवण्यापूर्वी, हंगामाच्या तोंडावर नव्हे. कारण शिरलेले पाणी तोपर्यंत दंतचक्रांवर काम करीत राहते. पेट्रोलचा प्रश्न अलीकडचा आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि नेमके तेच नळीवाटे प्रथम ओढले जाते. यास्तव मे महिन्याअखेर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामी करावीत आणि ऑगस्टमध्ये ताजे पेट्रोल भरावे.