दीड कोटी घरं की ४० हजार? सर्व्हेचा आकडा नेमका कसा तयार होतो?

२३ जानेवारी २०२४ पासून राज्यभरात सरकारी कर्मचारी मोबाईल ॲप घेऊन घरोघरी फिरत होते. राज्य मागासवर्ग आयोगाचं हे सर्वेक्षण मराठा आणि खुल्या प्रवर्गासाठी होतं. ॲप पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं बनवलं होतं आणि प्रश्न होते १५४. सरकारच्या म्हणण्यानुसार काही दिवसांत सुमारे १ कोटी ५८ लाख कुटुंबांपर्यंत कर्मचारी पोहोचले. त्या अहवालाच्या आधारे २० फेब्रुवारीला १० टक्के आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं.

त्याआधी २०१८ मध्ये गायकवाड आयोगानं ४० हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली होती. मग जास्त घरं म्हणजे जास्त खरा आकडा का? तसं नाही.

नमुना म्हणजे काय?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं करपलेलं असेल तर अंदाज चुकतो. सर्व्हेतही प्रत्येक घराला निवडलं जाण्याची संधी हवी. तशी निवड झाली, तर हजार जणांच्या उत्तरांवरूनही साधारण ३ टक्के इकडे-तिकडे इतका अंदाज बांधता येतो. निवडच चुकली, तर लाख लोकांना विचारूनही चूक तशीच राहते.

समजा, येडशीत सर्व्हे करायचाय. एसटी स्टँडवर उभं राहून शंभर जणांना विचारलं, तर प्रवास करणारे, बहुतेक पुरुषच भेटतील. त्यापेक्षा घरांची यादी घेऊन दर दहावं घर निवडणं बरं. त्या यादीत वस्त्या आणि शेतातली घरंही हवीत. निवडलेल्या घराला कुलूप असेल, तर शेजारच्याला विचारून काम उरकायचं नाही. संध्याकाळी पुन्हा जायचं.

आणि महिना कोणता? जानेवारीत कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो. धाराशिव, बीडमधली ऊसतोड कुटुंबं तेव्हा गावाबाहेर असतात. त्यांना गाठायची सोय केली नाही, तर गावातली सर्वात गरीब घरंच आकड्यातून गळतात.

प्रश्न कसा विचारायचा?

"वर्षाचं उत्पन्न किती?" याचं उत्तर शेतकऱ्याकडे तयार नसतं. "सोयाबीन किती क्विंटल झालं? काय भावानं विकलं? बियाणं, फवारणी, मजुरीला किती गेले?" असं विचारलं, तर हिशेब लागतो.

"पीक विमा आणि अनुदान मिळालं का?" या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एकच मिळालं असेल, तर त्यानं काय सांगायचं?

'कुटुंब' म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागतं. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. ही व्याख्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं वेगळी लावली, तर एकाच वाड्यातले तीन भाऊ कुठे एक कुटुंब होतात, कुठे तीन.

सरकारी माणूस दारात आला की रेशनकार्ड जाईल, अशी भीतीही असते. मग उत्पन्न कमी सांगितलं जातं. म्हणून माहिती कशासाठी हवी आहे, हे आधी सांगावं लागतं. प्रश्नावली थोड्या घरांत वापरून बघणं आणि काही घरांत पुन्हा जाऊन उत्तरं पडताळणं, हाही कामाचाच भाग आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी सर्व्हेची बातमी वाचताना किती घरं यासोबत तीन गोष्टी बघा: घरं कशी निवडली, प्रश्न काय होता आणि कोण घरी नव्हतं.