बंद मोटार उघडताना

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, शनिवार पेठेत आमच्या चुलत्यांचा वाडा आहे. तो आता पाडायचा आहे. मागल्या पडवीत जुन्या गाद्यांखाली एक मोटार निघाली. दोन माणसांची, बुटकी, आऱ्यांच्या चाकांची. भंगारवाला न्यायला तयार आहे. पण आधी नवी बॅटरी लावून चालू होते का बघू?"

मी म्हटले, "बाबा रे, बॅटरीला हात लावू नकोस." मी शिकवतो इतिहास; पण जुन्या यंत्रांचा मला नाद आहे. संध्याकाळी जाऊन पाहिले, तर ती एम. जी. टी. सी. ही इंग्लंडातली शर्यतीच्या वळणाची छोटी मोटार. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या निघाल्या. इंजिन साडेबाराशे सी. सी.चे, म्हणजे आजच्या लहान मोटारीएवढेच. आणि पत्र्याच्या आत सांगाडा मात्र लाकडाचा!

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी लावली तर बिघडते काय? तुमच्या विहिरीवरचे इंजिन आठवा. दोन हंगाम बंद पडले, तर तुम्ही तरी एकदम चालू करता का? सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल हळूहळू खाली उतरून जाते, ओल शिरते, आणि पिस्टनच्या कड्या भिंतीला गंजाने चिकटतात. अशा वेळी जोर लावला की कडी तुटते, भिंतीवर ओरखडे पडतात. चाळीस वर्षे जे शाबूत राहिले, ते एका मिनिटात जाते. पेट्रोलचेही तसेच. ते वर्षानुवर्षे टाकीत राहिले की त्याचा राळेसारखा चिकट थर होतो आणि कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजतात. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते, आणि आतून नळ्या गंजतात. जुन्या तारांवरचे कापडी वेष्टन उंदरांनी कुरतडलेले असते. तिथे वीज सोडणे म्हणजे गाद्यांच्या ढिगाशेजारी काडी ओढणे. पुण्याची हवा मुंबईपेक्षा कोरडी खरी, पण चार महिन्यांचा पावसाळा आणि वाड्यातली वाळवी काय सोडते? लाकडी सांगाड्यात मी सुरी टोचून पाहिली. डाव्या दारापाशी ती पोळीत शिरावी तशी शिरली.

म्हणून पहिले काम फोटो काढण्याचे. धूळ पुसायचीसुद्धा नाही. हसू नका! २०१४ साली फ्रान्समध्ये एका वाडीवर साठेक जुन्या मोटारी सापडल्या. त्यांतली एक फेरारी २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला लिलावात मांडली ती अंगावरच्या धुळीसकट, आणि एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली. त्याआधी २००९ साली इंग्लंडातल्या एका डॉक्टराच्या गॅरेजात जवळजवळ पन्नास वर्षे उभी असलेली १९३७ ची बुगाटी सुमारे चौतीस लाख युरोंना गेली. आमची एम. जी. त्या पंक्तीतली नव्हे, हे मी त्या मुलालाही बजावले. पण तत्त्व एकच: घेणारा पैसे मोजतो ते मूळच्या भागांचे, नव्या रंगाचे नव्हे.

आपल्याकडच्या फार चांगल्या मोटारी अशाच हातच्या गेल्या. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या दशकात अल्फा रोमिओ, ड्युसेनबर्ग अशा त्या काळच्या अव्वल वेगवान गाड्या घेतल्या होत्या. त्या दोन्ही आज देशाबाहेर आहेत.

आपला कायदाही आता मूळपणच पाहतो. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली असावीत, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मग 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, मुदत दहा वर्षांची. मात्र प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची; रोज मंडईत न्यायची नाही. तेव्हा कोणी मेस्त्री म्हणाला, "साहेब, डिझेल इंजिन बसवून देतो, पळेल झकास", तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर आधी वहीत उतरवून घ्यावा, घरातले जुने कागद धुंडाळावेत.

मग खरे काम. मोटार ठोकळ्यांवर उचलून चाकांवरचा भार काढायचा. जुने पेट्रोल, जुने तेल उपसायचे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे पातळ तेल सोडायचे आणि स्वस्थ बसायचे. चार दिवस, आठ दिवस, लागला तर महिना. त्यानंतर पुढचे हँडल हाताने, हलके फिरवून पाहायचे. नाही फिरले तर पुन्हा तेल. इंजिनच्या आधी ब्रेक दुरुस्त करायचे, हे बहुतेक जण विसरतात. चाललेली मोटार थांबवायची कशी, हे त्यांना उतारावर आठवते.

भंगारवाल्याला चुलत्यांनी तूर्त परत पाठवले आहे. वाडा रिकामा करायला फाल्गुनअखेरची मुदत आहे, आणि मोटार हलवायला जागा अजून मिळालेली नाही. परवा तो मुलगा सांगत आला, तेल घालून बारा दिवस झाले, हँडल बोटभर हलले.