फेलोशिपचे पैसे शेअर बाजारात टाकण्याआधी : परतावा येतो कुठून?

नेट-जेआरएफ निघालं, पीएचडीला नोंदणी झाली, की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : "फेलोशिप सुरू झाली की शेअर मार्केट चालू करू का?" लोणारसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा अभ्यासिकेत पुस्तकांशेजारी मोबाईलवर निफ्टीचा चार्ट उघडा दिसतो. त्याचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

प्रश्न चुकीचा नाही. जेआरएफचे पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये मिळतात. बऱ्याच जणांची पहिली रक्कम थकबाकीसह एकदम जमा होते. ज्या घरात सगळं वर्ष सोयाबीनच्या भावावर ठरतं, त्या घरातल्या मुलाच्या खात्यात एकाच दिवशी दीड-दोन लाख दिसले की त्यांचं काहीतरी करावंसं वाटणारच. हे पैसे गेले तर मात्र फक्त पैसे जात नाहीत. खोलीभाडं, फील्डवर्क, कधीकधी पीएचडीच अडकते. म्हणून आज संशोधनाची जी सवय आपण लावून घेतोय, तीच या प्रश्नाला लावून बघू.

आधी व्याख्या : एका शब्दात दोन गोष्टी

"शेअर मार्केट" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलतो.

पहिली गुंतवणूक. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटा तुकडा. कंपनी माल विकते, नफा कमावते, त्यातला काही भाग लाभांश म्हणून वाटते, उरलेला धंद्यात घालते. वर्षानुवर्षं नफा वाढला तर तुकड्याची किंमतही वाढते. इथे परताव्याचा उगम कंपनीच्या कमाईत आहे. सगळे भागधारक एकाच वेळी फायद्यात असू शकतात.

दुसरी ट्रेडिंग, त्यातही फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ. फ्युचर्स म्हणजे आपल्याकडे ज्याला वायदा म्हणतात तो : पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणं. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा फक्त हक्क, आणि त्यासाठी मोजायचा प्रीमियम. मूळ हेतू चांगला आहे. भाव पडण्याची भीती असलेल्याने ती जोखीम दुसऱ्याकडे द्यावी. पण या करारात नवीन संपत्ती तयार होत नाही. तुमचा एक रुपया नफा म्हणजे समोरच्याचा एक रुपया तोटा. वर दलाली, एक्स्चेंजचं शुल्क आणि कर दोघांनाही भरावे लागतात. म्हणजे सगळ्यांची मिळून बेरीज शून्याच्याही खाली जाते.

म्हणून पहिला प्रश्न "किती मिळेल?" हा नाही. "परतावा कुणाच्या खिशातून येणार?" हा आहे.

विदा काय सांगतो

संशोधनात आपण आधी बेस रेट बघतो : आपल्यासारख्या लोकांचं साधारणपणे काय झालं? इथे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, ते काम करून ठेवलं आहे.

सप्टेंबर २०२४च्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सचा विदा आहे. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, म्हणजे जेआरएफचे पाच महिन्यांपेक्षा जास्त पैसे. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा मिळवणारे फक्त १ टक्का. जुलै २०२५मध्ये पुढच्या वर्षाचे आकडे आले. २०२४-२५मध्येही ९१ टक्के तोट्यातच होते.

मग पैसे गेले कुठे? २०२३-२४मध्ये खर्च धरण्याआधी वैयक्तिक आणि इतर ट्रेडर्सनी सुमारे ६१,००० कोटी रुपये गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर ट्रेडिंग करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी कमावले. बेरीज करून बघा. या दोन्ही गटांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग अल्गोरिदमने केलेल्या ट्रेडिंगमधून आला. म्हणजे अभ्यासिकेत बसून फोनवरून ऑप्शन घेताना समोरच्या बाजूला तुमच्यासारखाच एखादा विद्यार्थी असेलच असं नाही. बऱ्याचदा तिथे एक्स्चेंजशेजारी ठेवलेला सर्व्हर असतो.

आणखी दोन आकडे आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत. २०२३-२४मध्ये या ट्रेडर्सपैकी ७२ टक्के लोक पहिल्या ३० शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे लोणार-मेहकरसारख्या गावांतले. आणि ३० वर्षांखालच्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे "आपल्यासारखे लोक" हा नमुना खरंच आपल्यासारखा आहे.

"मी ऑप्शन्स नाही, फक्त इंट्राडे करतो," असं कुणी म्हणेल. त्याचाही अभ्यास आहे. २०२२-२३मध्ये इक्विटी इंट्राडे करणाऱ्यांपैकी ७१ टक्के तोट्यात होते, ३० वर्षांखालच्यांमध्ये ७६ टक्के. वर्षात ५००हून जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये ८० टक्के. सरावाने माणूस सुधारतो हे बऱ्याच कामांत खरं आहे. या आकड्यांत मात्र जास्त सौदे करणाऱ्यांचीच अवस्था जास्त वाईट दिसते.

"पण माझा मित्र कमावतोय ना!"

कमावत असेल. प्रश्न असा की ते कौशल्य आहे की योगायोग, हे ओळखायला किती विदा लागेल?

समजा एखादा माणूस खरोखरच हुशार आहे आणि निर्देशांकापेक्षा दरवर्षी सरासरी ५ टक्के जास्त कमावतो. पण हा फरक वर्षागणिक वरखाली होतो, त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन २० टक्के आहे. टी-व्हॅल्यू २ यायला किती वर्षं लागतील? सूत्र सोपं आहे : २ गुणिले २०, भागिले ५, त्याचा वर्ग. उत्तर ६४ वर्षं. मित्राचा सहा महिन्यांचा स्क्रीनशॉट यात कुठे बसतो ते तुम्हीच ठरवा.

आता टेलिग्रामवरच्या टिप्स. समजा एकाने १,०२४ लोकांना मेसेज केला. निम्म्यांना "निफ्टी वर जाणार", निम्म्यांना "खाली जाणार". ज्यांच्याबाबत चुकलं त्यांना सोडून दिलं आणि उरलेल्या ५१२ जणांना पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. दहा आठवड्यांनी एक माणूस असा उरतो की ज्याला सलग दहा टिप्स बरोबर मिळाल्या. तो शपथेवर सांगेल की गुरुजी ग्रेट आहेत. बाकीचे १,०२३ जण कुठेच बोलत नाहीत. नमुन्यात फक्त टिकलेले लोक घेतले की असंच होतं.

आकडा ऐकला की पद्धत विचारा

लोणारच्या विवराचं वय किती? १९९७मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने उत्तर आलं : सुमारे ५२,००० वर्षं, अधिक-उणे ६,०००. २०११मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने उत्तर आलं : सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, अधिक-उणे ४७,०००. विवर एकच, तरी उत्तरांत दहापटीहून जास्त फरक. दोन्ही आकड्यांना आपापली त्रुटीमर्यादा होती, पण ती मर्यादा त्या पद्धतीच्या आतली. पद्धत नेमकं काय मोजते आणि काय गृहीत धरते, हे त्या "अधिक-उणे"मध्ये दिसत नाही.

परताव्याच्या आकड्यांचंही असंच आहे. २३ मार्च २०२० रोजी, कोविडच्या भीतीने एका दिवसात १३ टक्के पडून, सेन्सेक्स २५,९८१वर बंद झाला. ३१ मार्च २०२२ला तो सुमारे ५८,५७०वर होता. दोन वर्षांत सव्वादोनपट! आता दुसरी मोजणी. ८ जानेवारी २००८ला सेन्सेक्स सुमारे २०,८७०वर बंद झाला आणि २०१३च्या शेवटच्या दिवशी सुमारे २१,१७०वर. लाभांश सोडला तर सहा वर्षांत जवळपास काहीच नाही. निर्देशांक तोच, दोन्ही आकडे खरे. बदलली ती सुरुवातीची तारीख.

म्हणून कुणी "इतके टक्के मिळाले" म्हटलं की तीन गोष्टी विचारा : कधीपासून कधीपर्यंत? खर्च आणि कर वजा करून का? आणि त्याच काळात निर्देशांकाने किती दिले? निर्देशांक हा आपला कंट्रोल ग्रुप. कंट्रोलशिवाय केलेला प्रयोग गाईड मान्य करत नाहीत, मग इथे आपण का करावा?

मग सुरुवात कशी करायची?

वरच्या २००८ ते २०१३च्या उदाहरणातून पहिला नियम निघतो : पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारे पैसे शेअर्समध्ये नकोत. फेलोशिप उशिरा येते हे गृहीत धरा. किमान सहा महिन्यांचा खर्च बँकेत बचत किंवा मुदत ठेवीत असू द्या. कर्ज काढून किंवा घरून शेतीचे पैसे मागून गुंतवणूक अजिबात नको.

त्यानंतर खातं. शेअर्स घ्यायला पॅन, बँक खातं आणि केवायसी करून डिमॅट व ट्रेडिंग खातं उघडावं लागतं. ब्रोकर सेबीकडे नोंदणीकृत आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. तुमच्या नावावर एकच डिमॅट खातं असेल आणि त्यातली गुंतवणूक ४ लाखांपर्यंत असेल, तर बेसिक सर्व्हिसेस डिमॅट खात्याला वार्षिक देखभाल शुल्क लागत नाही. विद्यार्थ्याला एवढं पुरेसं आहे. फक्त म्युच्युअल फंड घ्यायचा असेल तर डिमॅटचीही गरज नसते.

पहिली गुंतवणूक म्हणून इंडेक्स फंड साधा आणि समजण्यासारखा आहे. तो निफ्टी ५०सारख्या निर्देशांकातले सगळे शेअर्स त्याच प्रमाणात घेतो. कुठली कंपनी चालेल हे ओळखायची गरज नाही. फंडाचा "डायरेक्ट" प्लॅन घेतला तर मध्यस्थाचं कमिशन वाचतं. दरमहा ५०० रुपयांची एसआयपीही चालते. पण तो पडतो, कधीकधी जोरात पडतो, हे आधीच मान्य करून घ्या. ५० टक्के पडलेली रक्कम मूळ जागी यायला १०० टक्के वाढ लागते.

एखाद्या कंपनीचा शेअर घ्यावासा वाटलाच तर खरेदीआधी अर्धं पान लिहा : कंपनी पैसे कशातून कमावते, मी का घेतोय, काय घडलं तर माझा अंदाज चुकला असं मानेन. निकाल आल्यावर गृहीतक बदलायचं नाही, हा नियम इथेही लागू.

कर लक्षात ठेवा. जुलै २०२४मध्ये बदललेल्या नियमांनुसार वर्षाच्या आत शेअर विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के, आणि वर्षानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. एफ अँड ओ आणि इंट्राडेचं उत्पन्न मात्र व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं, त्याचा आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा झाला तरी कागदपत्रांचं काम उरतंच.

खात्याचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, "मी तुमचं खातं चालवतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसालाही. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन दिसलं की तिथेच थांबा. शेअर बाजारात तसं आश्वासन नोंदणीकृत सल्लागारालाही देता येत नाही. तक्रार असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते.

एक खर्च जो कुठल्याच स्टेटमेंटमध्ये नसतो

बाजार सकाळी ९.१५ला उघडतो आणि दुपारी ३.३०ला बंद होतो. प्रयोगशाळेचे, ग्रंथालयाचे, गाईड भेटण्याचे तासही नेमके तेच. इंडेक्स फंडात पैसे टाकून तुम्ही दिवसभर मायक्रोस्कोपवर बसू शकता. ऑप्शन घेऊन बसता येत नाही. दर दहा मिनिटांनी हात फोनकडे जातो. पाच वर्षांच्या पीएचडीत रोजचे दोन तास असे गेले तर त्याची किंमत दोन लाखांच्या सरासरी तोट्यापेक्षा मोठी ठरेल, कारण गेलेले पैसे नोकरी लागल्यावर परत साठवता येतात.

म्हणून "चालू करू का?" या प्रश्नाला माझं उत्तर असं : गुंतवणूक, हो. थोड्या पैशांनी, समजून, लांब मुदतीसाठी. फेलोशिपच्या पैशांवर एफ अँड ओ, नाही. आणि माझ्या शब्दावर विसंबू नका. सेबीचे हे तिन्ही अभ्यास तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. एखादा शोधनिबंध वाचतो तसे, पद्धतीच्या विभागापासून वाचायला सुरुवात करा. पहिला सौदा त्यानंतर.