पर्वतीवरून पुणं बघताना

लोणी काळभोरहून पुण्याला रोज कितीतरी बायका जातात. कुणी भाजी घेऊन, कुणी धुण्याभांड्याच्या कामाला, कुणी दवाखान्यात. काम झालं की परतीची बस! पुणं ‘बघायला’ म्हणून मात्र क्वचितच कुणी जातं. म्हणूनच आमच्या बचत गटाची सहल निघाली तेव्हा मी पर्वती सुचवली. शिवाय ‘देवाला जाऊन येते’ म्हटलं की घरून नकार येत नाही, हे आपल्याला ठाऊक असतंच!

हडपसरमार्गे स्वारगेटला उतरलं की पर्वतीचा पायथा जवळच. पायऱ्या १०३, पण दगडी आणि ऐसपैस. गुडघे दुखत असतील तर बसत बसत चढावं. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ साली. पानिपतच्या धक्क्यानंतर २३ जून १७६१ रोजी त्यांनी इथेच प्राण सोडला. त्यांची समाधी आणि पेशवे संग्रहालयही वर आहे. दुसऱ्या बाजीरावांनी ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई पाहिली तीही इथूनच.

पर्वतीची आणखी एक आठवण मी मुद्दाम सांगितली. याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी दलितांनी सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज हे त्यात पुढे होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. आमच्या गटात गावातल्या सगळ्या वस्त्यांमधल्या बायका आहेत. ऐकून क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने डबा उघडला आणि चटणी-भाकरी सगळीकडे फिरली.

तटाशी उभं राहिलं की खाली सारं शहर पसरलेलं दिसतं. हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगडही. “आपलं गाव कुठंय गं?” म्हणून सगळ्या पूर्वेकडे बघू लागल्या. भाजी विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “वीस वर्षं येतेय ताई, पण मला फक्त मंडई आणि बसस्टॉप माहीत. एवढं मोठं आहे होय हे!”

उतरल्यावर सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घ्यावं. पेशवेकाळात इथे खरंच तळं होतं. आता हिरवळ आहे, पाय पसरून बसायला उत्तम. शेजारीच पेशवे उद्यान. १९५६ साली तिथे सुरू झालेली फुलराणी कित्येकींनी फक्त ऐकलेली असते.

खर्च किती? बसचं तिकीट आणि भेळ. अवघड असतं ते घरातून एक दिवस मोकळा मिळवणं. ज्या शहरासाठी आपण राबतो, ते निवांत उभं राहून बघण्याचा हक्क आपलाही आहे. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरी देवाचं निमित्त सांगू नका. ‘पुणं बघायला जातेय’ असंच सांगा!