भाग ७ : एकट्याने नोड एडिटर करताना

आज नोड एडिटर. ब्लेंडर किंवा नोड-रेड वापरलं असेल, तर हा प्रकार तुम्ही पाहिलेला आहे: पडद्यावर चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी. कल्पना जुनीच आहे. बर्ट सदरलँड यांनी १९६६ साली एमआयटीतल्या पीएचडी प्रबंधात प्रोग्रॅम असाच चित्रातून मांडला होता.

मी जयपूरच्या शास्त्री नगरमध्ये राहतो. सांगानेर आणि बगरू ही ठशांच्या छपाईची गावं इथून जवळच. तिथल्या एका छपाईवाल्या काकांसाठी मी एकटाच एक छोटं सॉफ्टवेअर लिहितोय: नक्षी पडद्यावर जुळवायची, मग ठसा कोरायला द्यायचा. नोडच का? कारण त्यांचं काम आधीच तुकड्यांत आहे. बाह्यरेषेचा ठसा ‘रेख’, आत रंग भरायचा ‘दत्ता’, पार्श्वभूमीचा ‘गद’. एक पायरी म्हणजे एक नोड, हे त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही.

आता बांधणी. पहिली गोष्ट, हिशेब आणि चित्र वेगळे ठेवा. आत फक्त दोन याद्या असतात: नोडची आणि वायरींची. कॅनव्हास त्या याद्या नुसत्या रंगवतो. असं केलं की खिडकी न उघडताही हिशेब तपासता येतो.

दुसरी गोष्ट, क्रम. आर्थर कान यांनी १९६२ साली मांडलेली पद्धत पुरते. ज्या नोडमध्ये एकही वायर येत नाही, तो आधी चालवा. त्याच्या बाहेर जाणाऱ्या वायरी हिशेबातून काढा. मग पुन्हा तेच. शेवटी काही नोड उरलेच, तर कुठेतरी चक्र आहे. पण तिथवर वाट पाहू नका. ‘क’पासून ‘ख’ला वायर जोडताना ‘ख’पासून पुढे चालत जा, ‘क’ भेटला तर वायर जोडूच देऊ नका.

तिसरी गोष्ट, वेग. एखादा आकडा बदलला की तो नोड आणि त्याच्या पुढचे सगळे ‘शिळे’ अशी खूण करा. फक्त तेवढेच पुन्हा चालवा.

आता माझी चूक. फाइलमध्ये मी वायर सॉकेटच्या क्रमांकाने साठवत होतो. ‘पुनरावृत्ती’ नोडला बुट्टी, रुंदी आणि उंची अशी तीन सॉकेट होती. नव्या आवृत्तीत उंचीच्या आधी मी ‘सरक’ घुसवलं. काकांनी जुनी फाइल उघडली, आणि उंचीची ९ सेंटिमीटरची वायर ‘सरक’मध्ये जाऊन बसली. उंचीला माझी ठरलेली १० मिळाली. दोन्ही आकडेच, त्यामुळे प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. पडद्यावर बुट्ट्यांमधली जागा किंचित वाढलेली, कोणाच्या लक्षातच आली नाही. शिसवी ठसा कोरून आला, कापडावर उठवला, तर सांधा जुळेना. ठशाचे पैसे मी भरले. काकांनी मात्र पुढचे दोन महिने नक्षी हातानेच काढली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

बंद पडणारा प्रोग्रॅम परवडला, गुपचूप चुकणारा नाही. म्हणून आता प्रत्येक सॉकेटला एक कायमचं नाव आहे. पडद्यावरचं लेबल बदलो, क्रम बदलो, ते नाव बदलत नाही. फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा असतो. जुनी फाइल आधी रूपांतरित होते, मगच उघडते. आणि काकांच्या सगळ्या जुन्या फाइली माझ्या चाचणीत आहेत: नवी आवृत्ती देण्याआधी प्रत्येक उघडून, तिची नक्षी पूर्वीच्या नक्षीशी ताडून पाहतो.

दिसण्याबद्दल थोडक्यात. लांबी, रंग, चित्र यांच्या सॉकेटना वेगवेगळे रंग द्या. वायर ओढताना न जुळणारी सॉकेट फिकी करा. आणि नोड कमी ठेवा. मी चाळीस केले होते; काका अकरा वापरतात. बाकीचे काढून टाकले. एकट्या माणसाला प्रत्येक नोड जन्मभर सांभाळावा लागतो.

पुढच्या भागात ‘अनडू’. तोवर एक काम करा: तुमची सगळ्यात जुनी फाइल आज उघडून बघा.